ट्रॅक्टरची धुराची नळी बदलल्यावर तारांचें उष्णतेपासून रक्षण

उंसाची तोड सुरू झाली म्हणजे आमच्या पन्हाळा तालुक्यांत कासारीकांठच्या व वारणेकांठच्या शिवारांतून भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. कांहीं वारणानगरकडे वळतात, कांहीं आसुर्ले-पोर्ल्याकडे. रस्त्याच्या कडेस उभें राहून कान दिला, तर कोणत्या ट्रॅक्टरची धुराची नळी मूळची आहे व कोणत्याची मागाहून बसविलेली आहे, हें न पाहतां सांगतां येतें. इतकी ही बदलाबदल आतां सर्रास झाली आहे.

नळी बदलण्याचें एक कारण रास्त आहे. एंजिनाच्या अंगास बसविलेला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड वारंवार तापून व थंड होऊन तडकतो. जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरचा मूळ भाग लवकर मिळत नाहीं. मग कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत जाऊन पोलादी नळ्यांचा जोडकामाचा भाग करवून घ्यावा लागतो. दुसरें कारण म्हणजे, धूर मोकळा निघाला तर एंजिन अधिक ओढतें, ही समजूत. त्यासाठीं प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र नळी देऊन पुढें त्या सर्व एकत्र आणतात; या रचनेस दुकानदार हेडर म्हणतात. शर्यतीच्या मोटारीस तिचा उपयोग होतो खरा. परंतु ठराविक फेऱ्यांवर दिवसभर नांगर किंवा ट्रॉली ओढणाऱ्या डिझेल एंजिनास तिच्यापासून फारसें कांहीं मिळतें असें आम्हांस वाटत नाहीं. तिसरें कारण आवाज. तें आम्ही कारणांत धरीत नाहीं.

कारण कोणतेंहि असो, नळी बदलली कीं तिच्या शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांची स्थिति बदलते. नळी बसविणारा नळीचे पैसे घेतो व नळीपुरतें पाहतो. तारांचा मिस्त्री तार तुटल्यावर येतो. मधल्या काळांत तारेकडे पाहणें हें कोणाचेंच काम नसतें. तें काम मालकानें आपलें मानलें पाहिजे.

वाहन किंवा गंजी जळाल्याचे पंचनामे महसुली कचेरींत आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. कारणाच्या जागीं ‘शॉर्टसर्किट’ हा एक शब्द पडला कीं कागद पुढें सरके. शब्द खोटा नसे, पण अपुरा असे. तार एका दिवसांत आपण होऊन उघडी पडत नाहीं. ती महिनोन्‌महिने शेकत असते. तिचें आवरण आधीं कडक होतें, मग तडकतें, आणि शेवटीं एखाद्या धक्क्यानें आंतलें तांबें लोखंडास टेकतें. पंचनाम्यांत येतो तो शेवटचा क्षण. रक्षण करावयाचें तें त्याच्या आधींच्या महिन्यांत.

आमच्या वडीलधाऱ्यांस ही विवंचना नव्हती. विहिरीवरचें किंवा गुऱ्हाळावरचें साधें तेलाचें एंजिन हँडल मारून चालू होई. त्यास ना बॅटरी, ना दिवा. धुराची नळी कितीहि तापली तरी तिला हात लावूं नये, एवढेंच पोरांस सांगावें लागे. ट्रॅक्टरास मात्र बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर, दिवे, घड्याळें व मागील ट्रॉलीचे दिवे इतका पसारा आहे, आणि त्यांतील बऱ्याच तारा बॉनेटखालीं एंजिनाच्या अंगावरूनच फिरतात.

उष्णता नळीपासून तारेपर्यंत तीन वाटांनीं पोहोंचते. तार किंवा तिची पकड नळीस टेकलेली असेल, तर ती धातूंतून सरळ चालत येते. दुसरी वाट हवेची. तापलेली हवा वर चढते, व पुढील पंखा ती मागें लोटतो. म्हणून नळीच्या वरची व मागची बाजू अधिक तापते. तिसरी वाट किरणांची, आणि हिचाच विसर पडतो. गुऱ्हाळावर चुलवाणाच्या तोंडाशीं जाळ घालणारा गडी जाळास शिवत नाहीं, तरी त्याच्या पोटऱ्या भाजतात. मध्यें एक पत्रा उभा केला कीं लगेच आराम पडतो. हवा तीच असते, पण किरण अडतात. तारेचेंहि तसेंच आहे. नळीस न टेकतां, वाऱ्यांत असूनहि ती भाजूं शकते.

डिझेल एंजिन रिकामें चालत असतां धूर शंभर-दोनशें अंश सेंटिग्रेडच्या घरांत असतो. पूर्ण भारावर एंजिनांतून निघतांना तो ५०० ते ६०० अंशांपर्यंत जातो. किरणांची उष्णता तापमानाबरोबर सारख्या पावलानें वाढत नाहीं, फार झपाट्यानें वाढते. ३०० अंश तापलेल्या नळीपेक्षां ५०० अंश तापलेली तीच नळी सुमारें सव्वातीन पट उष्णता किरणांवाटे बाहेर टाकते. ओतीव मॅनिफोल्ड जाड असतो, सावकाश तापतो व एंजिनाच्या अंगास चिकटून बसतो. जोडकामाची नळी पातळ असते, थोड्याच वेळांत तापते, आणि वांक घेऊन बाहेर येत असल्यामुळें जी तार पूर्वीं वीतभर दूर होती ती आतां चार बोटांवर येते. अशा रीतीनें उष्णता वाढते व अंतर घटतें, दोन्ही गोष्टी एकदमच घडतात.

आतां तारेची सहनशक्ति पाहूं. तारेवरील रंगीत आवरण बहुधा पी.व्ही.सी.चें असतें. घरगुती तारेचें साधें आवरण ७० अंशांपर्यंतच्या कायम उष्णतेसाठीं केलेलें असतें. मोटारीसाठीं केलेल्या उष्णतारोधक जातीच्या पी.व्ही.सी. तारा १०५ अंशांपर्यंत, क्रॉस-लिंक केलेल्या पॉलिएथिलीनच्या १२५ अंशांपर्यंत, व सिलिकोन रबराच्या सुमारें १८० अंशांपर्यंत टिकतात. घर बांधतांना उरलेल्या तारेचा तुकडा ट्रॅक्टरास जोडण्याची चाल गांवोगांव आहे. ती काटकसर नव्हे. त्या तारेचें आवरण तर कमी पडतेंच, शिवाय तिच्यांतील तांब्याचे तंतू मोजके व जाड असल्यामुळें एंजिनाच्या थरथरीनें ते लवकर तुटतात.

आवरणाच्या आयुष्याविषयीं विद्युत्‌शास्त्राचा एक अनुभवसिद्ध ठोकताळा आहे, तो असा कीं तापमान सुमारें दहा अंशांनीं वाढलें कीं आयुष्य निम्म्यावर येतें. ८० अंशांवर सोळा वर्षें टिकणारें आवरण ९० वर आठ वर्षें, १०० वर चार व ११० वर दोनच वर्षें टिकेल. हा नियम काटेकोर नव्हे, पण त्यावरून दिशा कळते. नळी बदलल्यावर पहिल्या हंगामांत कांहीं झालें नाहीं, म्हणून कांहीं होणार नाहीं, असें मानण्यांत अर्थ नाहीं. पी.व्ही.सी. फार तापलें म्हणजे त्यांतून हायड्रोजन क्लोराइड नांवाचा आम्लधर्मी वायु सुटतो. दमट हवेंत तो तांब्यास खातो. आमच्याकडील पावसाळ्याची हवा किती दमट असते तें सांगणें नको. तार सोलून पाहिली असतां आंतलें तांबें काळवंडलेलें किंवा हिरवें दिसतें, त्याचें एक कारण हें आहे.

तारा सर्वांत अधिक केव्हां तापतात? पुष्कळांचें उत्तर, चढावर. वाघबिळाच्या चढावर भरल्या ट्रॉलीनिशीं खालच्या गिअरमध्यें एंजिन पूर्ण जोर लावतें, वाहनाची गति थोडी असल्यानें समोरचा वारा नसतो, आणि नळी खरोखरच फार तापते. परंतु पंखा तेव्हां चालू असतो. तारांवरचा खरा घाला पुष्कळदां त्यानंतर, ट्रॅक्टर उभा केल्यावर पडतो. कारखान्याच्या आवारांत पोहोंचतांच चालक एंजिन बंद करतो व गव्हाणीवर पाळी येईपर्यंत सांवलींत जाऊन बसतो. पंखा थांबतो, पाणी फिरावयाचें थांबतें, आणि तापलेल्या लोखंडांत साठलेली उष्णता बंद बॉनेटखालीं पसरूं लागते. धूर निघत नसतांहि पुढील दहा-पंधरा मिनिटें तारांभोंवतीं तापमान वाढतें. म्हणून चढ चढून आल्यावर तीन-चार मिनिटें एंजिन मंद चालवून मग बंद करावें, व झांकण उघडें ठेवतां येत असल्यास ठेवावें. टर्बो असलेल्या एंजिनास तर हें अन्यथाहि आवश्यकच आहे.

उपायांकडे वळतांना क्रम महत्त्वाचा. आधीं अंतर, मग आडोसा, आणि सर्वांच्या शेवटीं आवरण. बाजारांत उलटें चालतें; चकचकीत आवरणाची नळी विकत घेऊन तारेवर चढविली कीं काम झालें असें मानतात, व तार आहे तेथेंच राहते.

अंतर राखणें हा बिनखर्चाचा उपाय आहे, पण तो नळी बनविण्याच्या आधीं योजावा लागतो. ट्रॅक्टर कारागिराकडे नेतांना तारा सोडून बाजूस बांधून नेऊं नयेत. त्या जशा जातात तशाच राहूं द्याव्या, त्यांच्या वाटेवर खडूनें खूण करावी व कारागिरास दाखवून नळीचा वांक दुसऱ्या बाजूस घ्यावयास सांगावें. मात्र प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर जोडकाम करावयाचें असेल, तर आधीं बॅटरीच्या व अल्टरनेटरच्या तारा सोडाव्या, नाहींतर जोडकामाच्या प्रवाहानें अल्टरनेटरच्या आंतील नाजूक भाग जातात. काम झाल्यावर तारांची वाट अशी लावावी कीं नळी व तार यांत शक्य तर वीतभर, निदान चार-सहा इंच मोकळी जागा राहील. नळीच्या वरून तार नेऊं नये, खालून किंवा थंड बाजूनें न्यावी. नळीस ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावी. नळीच्या बरोबरीनें लांबवर नेऊं नये. एंजिन हलतें, धड हलत नाहीं. म्हणून दोहोंमधील तारेस थोडी सैल द्यावी, पण ती लोंबून नळीवर जाईल इतकी नव्हे. पकडीसाठीं रबराचें अस्तर असलेली लोखंडी क्लिप वापरावी. प्लॅस्टिकच्या पट्ट्या उष्णतेनें ठिसूळ होऊन एके दिवशीं गळून पडतात, व सायकलच्या ट्यूबचें रबर त्याहून लवकर चिरतें. पत्र्याच्या भोंकांतून तार जात असेल तेथें रबरी कडें बसवावें.

जेथें जागा मिळत नाहीं तेथें आडोसा. चुलवाणापुढें पत्रा धरतांना तो आपण जाळाला चिकटवीत नाहीं व अंगालाहि लावीत नाहीं. येथेंहि पत्र्याच्या दोन्ही बाजूंस हवा खेळली पाहिजे. नळीपासून अर्धा ते एक इंच दूर, आणि तारेपासूनहि तितकाच. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उत्तम. तो आपल्यावर पडलेल्या किरणांपैकीं नव्वद टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, मात्र धुरळा व तेल बसून काळा पडला कीं हा गुण जातो, म्हणून मधून मधून पुसावा. पत्रा एंजिनाच्या थंड भागाच्या बोल्टांवर बसवावा, नळीवर नव्हे. नळीवरच बसविणें भाग पडल्यास मध्यें जाड वायसर घालून पोकळी राखावी. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून लावलेला आम्ही अनेक ठिकाणीं पाहतों. त्यावरील कल्हई २३२ अंशांस वितळते, पत्रा थरथरून कडेला चिरतो, व त्याची धारच तारेस कापते. जस्ती पत्रा जाड असल्यास दुरून चालतो. पण नळीस टेकवूं नये, कारण जस्त ४१९ अंशांस वितळतें व त्याची वाफ श्वासास वाईट.

आडोशाच्या मागें उंसाचें पाचट साठतें, हें मात्र विसरूं नये. तोडीच्या दिवसांत रोज संध्याकाळीं, नळी थंड झाल्यावर, तेथील पाचट व तेलकट मळी काढावी. तापल्या नळीवर पाचट धुमसूं लागलें तर तार कितीहि चांगली असली तरी उपयोग नाहीं.

आवरणाविषयीं थोडक्यांत. कांचतंतूची विणलेली नळी, वरून ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली, चांगली असते. कांचतंतू पांचशें अंशांच्या आसपास टिकतात. पण आवरण उष्णता अडवीत नाहीं, लांबवितें. घोंगडी पांघरल्यानें पहिल्या सरीस अंग कोरडें राहतें, दिवसभराच्या पावसांत राहत नाहीं, तसेंच हें. तार नळीस टेकलेली असेल, तर दोन तासांच्या खेपेंत आवरणाच्या आंतहि उष्णता जाऊन पोहोंचते. आवरणाचें खालचें तोंड उघडें ठेवावें, म्हणजे आंत शिरलेलें पाणी निघून जाईल.

कित्येक जण तारेऐवजीं नळीलाच कांचतंतूची पट्टी गुंडाळतात. बाहेरची उष्णता त्यानें कमी होते हें खरें; पण आंतली नळी अधिक तापते व ओतीव लोखंड तडकण्याचा संभव वाढतो. शिवाय पन्हाळ्याच्या पावसांत ती पट्टी ओली राहून साध्या पोलादाची नळी गंजते, आणि तिच्यांत डिझेल किंवा तेल मुरलें तर ती वातीसारखी पेट घेते. आम्ही ही पट्टी आमच्याकडील ट्रॅक्टरास सुचविणार नाहीं. जुन्या गॅरेजांतून अद्याप ॲस्बेस्टॉसची दोरी निघते. तिच्या धुळीनें फुप्फुसाचे रोग व कर्करोग होतात, सबब ती फुकट मिळाली तरी घेऊं नये व असलेली कोरडी ओढून काढूं नये.

सर्व तारांत एक तार विशेष लक्ष देण्याजोगी आहे, ती बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारी जाड तार. दिव्यांच्या तारांस फ्यूज असतो; तो योग्य मापाचा असला, व त्याच्या जागीं कोणी तांब्याचा तंतू किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद घातला नसला, तर तार टेकतांच तो उडतो व अनर्थ टळतो. सेल्फच्या तारेस बहुधा फ्यूज नसतो, कारण सेल्फ क्षणभर शेंकडों अँपिअर घेतो. ही तार नळीवर वितळून लोखंडास टेकली, तर बॅटरीची सर्व शक्ति त्या एका जागीं उतरते व थोड्याच सेकंदांत जाळ होतो. म्हणून नळी बदलल्यावर पहिलें काम या तारेची वाट पाहण्याचें. तिच्यासाठीं बॅटरीजवळ हातानें तोडतां येईल असा स्विच बसवावा, व रात्रीं ट्रॅक्टर गोठ्याशेजारीं किंवा गंजीजवळ उभा राहत असेल तर तो रोज बंद करावा.

सांध्यांचें एवढेंच कीं, नळीच्या आसपास सांधा ठेवूंच नये. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेल्या सांध्याचा चीक उष्णतेनें सुटतो. डाक दिलेला सांधाहि भरंवशाचा नाहीं. नेहमीच्या शिसें-कल्हईच्या डाकाचें मिश्रण १८३ अंशांपासून पातळ होऊं लागतें, व थरथरीनें डाकाच्या कडेला तार तुटते. तांब्याचा तोंडा दाबून बसवावा.

उष्णता मोजण्यासाठीं दुरून तापमान दाखविणारें यंत्र आतां हत्यारांच्या दुकानांत मिळतें. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत कपाळाचा ताप पाहण्यासाठीं जीं यंत्रें गांवोगांव आलीं, तीं येथें उपयोगी नाहींत. त्यांची धांव माणसाच्या तापापुरतीच. चकचकीत धातूवर हें यंत्र खरें तापमान न दाखवितां फार कमी दाखवितें. काजळीनें किंवा काळ्या रंगानें एक ठिपका करून त्यावर पाहावें. यंत्र नसल्यास, खेप संपवून एंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीं तारेच्या आवरणावर (नळीवर नव्हे) हात ठेवावा. पांच सेकंद हात धरवत नसेल, तर तेथें साठ अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता आहे असें समजून तारेची वाट बदलावी.

एक लक्षण सर्वांच्या परिचयाचें आहे, पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. ट्रॅक्टर गरम असतां सेल्फ घेत नाहीं व तासाभरानें थंड झाल्यावर बिनतक्रार घेतो. मिस्त्री नवी बॅटरी घ्यावयास सांगतो. परंतु तांब्याचा विरोध उष्णतेबरोबर वाढतो, २० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यास तीस टक्क्यांहून थोडा अधिक. त्यांत सांधा शेकून सैल झालेला असला तर सेल्फपर्यंत पुरेसा जोर पोहोंचत नाहीं. नळी बदलल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर बॅटरीच्या दुकानांत जाण्यापूर्वीं तार पाहावी. जळक्या प्लॅस्टिकचा वास, चढ चढल्यावर मंद होणारे दिवे, वांकविल्यावर कडकडणारें आवरण, हीं बाकीचीं लक्षणें.

५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयींचे कडक नियम लागू झाले. त्या नव्या एंजिनांत धुराच्या वाटेवरच शुद्धीकरणाचे भाग व तापमान-दाब पाहणारे संवेदक असतात. त्यांच्या बारीक तारांतून फार थोडा दाब वाहतो. आवरण किंचित खराब झालें तरी एंजिनास चुकीची वर्दी जाते. अशा ट्रॅक्टरची नळी बाहेर बदलूंच नये. जुन्यांसहि कायदा आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२० प्रमाणें शेतीच्या ट्रॅक्टरासहि आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि नियम ११३ प्रमाणें धुराची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आंत असतां कामा नये. तारेसाठीं चार इंच सोडणाऱ्यास हें अंतर सहज साधेल. बदललेल्या भागाची पावती, व कामापूर्वींचीं आणि नंतरचीं छायाचित्रें विम्याच्या कागदांबरोबर ठेवावीं. दावा करण्याचा प्रसंग आला तर विमा कंपनी फेरबदलाचा प्रश्न काढूं शकते, व त्या वेळीं तोंडी सांगण्यास किंमत नसते.

नवी नळी बसविल्यावर पहिल्या आठवड्यांत रोज, पुढें तोडीच्या हंगामांत दर पंधरवड्यानें, बॉनेट उघडून तारा हातांनीं चाचपाव्या. पावसाळ्यांत ट्रॅक्टर छपराखालीं उभा असतां उंदीर तारा कुरतडतात, तेव्हां दिवाळीपूर्वीं पहिली खेप काढण्याच्या आधीं एकदां पुन्हां पाहावें. आवरण तडकलेलें आढळल्यास वरून टेप न गुंडाळतां तेवढी तार, नळीपासून दोन्हींकडे हातभर थंड जागेपर्यंत, नवी घालावी.